वाढत्या सीमारेषेवरील चढउतार



कागदाची एक कड धुमसू लागली की जळण्याची रेषा पुढे सरकते. ती सरळ राहत नाही. कोठे पुढे धावते, कोठे मागे रेंगाळते. प्रयोगवहीत आपण तिची सरासरी मांडतो आणि उरलेला वाकडेपणा त्रुटी म्हणून सोडून देतो. त्या सोडून दिलेल्या भागालाही नियम असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एकमेकांशी संबंध नसलेल्या ढिगांवर विटा यदृच्छेने पडत राहिल्या, तर ढिगांच्या उंचीतील तफावत काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. काळ आठपट झाला, तर तफावत सुमारे २.८ पट. परंतु जळत्या रेषेचे बिंदू असे सुटे नसतात. शेजारी शेजाऱ्याला ओढतो आणि प्रत्येक तुकडा आपल्या उताराशी काटकोन करून सरकतो. मेहरान कार्दार, जॉर्जियो पारिसी आणि यी-चेंग झांग यांनी १९८६ मध्ये हे सारे एका समीकरणात बसविले. त्यानुसार अशा रेषेवरील चढउतार काळाच्या घनमूळाप्रमाणे वाढतात: काळ आठपट, तफावत केवळ दुप्पट. पुढच्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी या जातीच्या वाढीची एक प्रतिकृती गणिताने अचूक सोडवून दाखविली.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. टोकियोत काझुमासा ताकेउची आणि मासाकी सानो यांनी द्रव-स्फटिकाच्या पातळ थरात खळबळीचा डाग वाढविला. २०१० मध्ये एका बिंदूपासून, नंतर सरळ रेषेपासून. घनमूळाचा नियम दोन्हींकडे तोच निघाला. चढउतारांच्या वितरणाचा आलेख मात्र निराळा. हे दोन्ही आलेख क्रेग ट्रेसी आणि हॅरोल्ड विडम यांनी १९९० च्या दशकात यदृच्छ संख्यांच्या प्रचंड सारण्यांचा अभ्यास करताना शोधले होते. तात्पर्य, रेषा कितीही दूर गेली तरी तिच्या आरंभाची खूण चढउतारांत टिकून राहते. सरासरी वेगात ती सापडत नाही.

प्रत्येक विचलनामागे नियम असतोच असे नाही. कधी उपकरणाचा खिळाही सैल असतो. हा भेद केवळ पुनःपुन्हा केलेल्या मोजमापाने कळतो. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याचे बिंदू रेषेबाहेर पडले, तर ‘उत्तर जुळव’ असे त्याला सांगू नये. ‘पुन्हा मोज, आणि आले तसेच लिही’ असे सांगावे. जुळवून घेतलेल्या वहीत वरचा एकही नियम कोणाला सापडला नसता.