निघण्याआधीचे तीन महिने

(गणेशोत्सवातील व्याख्यानसत्रात मंडळाच्या मोटरसायकल गटाने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘स्पितीची मोटरसायकल सफर’ असं छापलं आहे. फोटो आम्ही शेवटी दाखवणारच आहोत. पण बोलणार आहोत ते मुख्यतः तयारीबद्दल. त्याला कारण आहे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर चार दिवसांनी आम्ही आठ जण इंदूरहून निघालो आणि परत आलो, तेव्हापासून मंडळात दोन प्रश्न कानावर येतात. पहिला, “हे असलं धाडस कशाला?” आणि दुसरा, “आमचाही जायचं म्हणतोय, पाठवू का?” पहिल्याचं उत्तर ज्याचं त्यानं शोधावं. दुसऱ्याचं उत्तर आम्ही आज देणार आहोत, आणि ते थोडक्यात असं की मुलाला किंवा मुलीला अडवण्याआधी तिची तयारी तपासा. तयारी कशी तपासायची, एवढंच आम्ही सांगतो.

आधी वाट सांगतो. इंदूरहून शिमला, तिथून किन्नौरमार्गे काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली आणि परत घर. सगळं मिळून सुमारे ३,००० किलोमीटर. यातला बहुतेक भाग डांबरी आहे. खरी कसोटी लागते ती लोसर ते ग्राम्फूच्या टप्प्यात. तिथे गोटे, वाळू, चिखल आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. म्हणजे गाडी अशी हवी की हायवेवर दिवसभर चालेल आणि गोट्यांतही चालेल. अशा दुहेरी कामाच्या गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. आमच्यात काहींकडे हिमालयन होती, काहींकडे एक्सपल्स. दोन्हींचं पुढचं चाक २१ इंचांचं. चाक मोठं असलं की खड्ड्यात अडकण्याऐवजी त्यावरून जातं. जमिनीपासून उंचीही जास्त.

पुढचा मडगार्ड चाकापासून वर का असतो, हे मात्र आम्हाला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा आपल्या माळव्यानं जास्त चांगलं शिकवलं. पावसाळ्यात आपली काळी माती टायरला धरते. मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर मधली जागा चिखलानं भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. जून ते सप्टेंबर दर रविवारी पहाटे आम्ही महूच्या पुढे, चोरल आणि पातालपानीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर जात होतो. हिमालयाचा सराव माळव्यात होतो का, असं लोक हसून विचारत. उंचीचा होत नाही. चिखलाचा, घसरण्याचा आणि गाडी पडण्याचा मात्र उत्तम होतो.

पडण्याचा सराव हा शब्द ऐकून काकू मंडळींच्या कपाळावर आठ्या आल्या. पण कच्च्या रस्त्यावर गाडी पडतेच. वेग १०-१५ किलोमीटरचा असतो, त्यामुळे चांगले बूट, गुडघे-कोपरांची कवचं आणि हेल्मेट असेल तर बहुतेक वेळा माणूस कपडे झटकून उभा राहतो. प्रश्न असतो गाडी उभी करण्याचा. रिकामी गाडी १६० ते २०० किलो, वर सामान. म्हणून पहिल्या रविवारी नियम केला की स्वतःची सामानासकट गाडी एकट्यानं उचलता आली पाहिजे. गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठीमागून टेकायचं, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर एकेक पाऊल मागे टाकायचं. जोर हातांचा लावला तर कंबर धरते. आमच्यातली सर्वांत लहान चणीची ताई हे पहिल्याच दिवशी शिकली. व्यायामशाळेत जाणाऱ्या दोघांना तीन रविवार लागले.

याच सरावात सामानही कमी झालं. पहिल्या यादीत प्रत्येकाचं २५ किलो होतं. चार वेळा गाडी उचलल्यावर ते आपोआप १५ वर आलं. लोखंडी पेट्यांऐवजी कापडी पिशव्या घेतल्या, कारण गाडी आडवी झाली की पेटीखाली पाय सापडतो. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे.

दुसरा धडा पंक्चरचा. शहरात आपण गाडी ढकलत दुकानात नेतो. तिकडे दुकान ५०-६० किलोमीटरवर. आमच्या गाड्यांची चाकं तारांची, आत ट्यूब. म्हणजे चाक काढायचं, टायर पानांनी सोडवायचा, ट्यूब बदलायची आणि हातपंपानं हवा भरायची. प्रत्येकानं हे घराच्या अंगणात दोनदा केलं, एकदा संध्याकाळी टॉर्च लावून. सुटी ट्यूब पुढच्या चाकाची घेतली. २१ इंची ट्यूब मागच्या लहान चाकात दुमडून घातली तर तात्पुरतं काम भागतं. उलट होत नाही. हवेचं मापही सोबत होतं. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण फार कमी केली तर दगडावर आपटून रिम वाकते आणि ट्यूबला दोन दात लागल्यासारखी भोकं पडतात.

तिसरा धडा पाण्याचा. नाला समोर आला की उतरायचं आणि आधी पायी चालून पाहायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी नेऊ नये. बर्फ वितळून येणारं पाणी सकाळी कमी असतं आणि दुपारी चढतं, म्हणून नाल्यांचा टप्पा उजाडताच सुरू करायचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, वेग एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. आणि गाडी पाण्यात पडली तर स्टार्टरचं बटण दाबायचं नाही. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे आतला रॉड वाकतो. आधी स्पार्कप्लग काढून पाणी बाहेर काढायचं. हे वाक्य आमच्या प्रत्येकाच्या टाकीवर चिकटपट्टीनं लावलेलं होतं.

पेट्रोलचा हिशेब सोपा, पण करावा लागतो. काझाला पंप आहे. तिथून कुंझुममार्गे निघालं की पुढचा पंप थेट मनालीला, सुमारे २०० किलोमीटरवर. १३ ते १७ लिटरच्या टाकीला हे अंतर कठीण नाही. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर चाललेली गाडी आपलं नेहमीचं मायलेज देत नाही. त्यात उंचावर इंजिनालाही दम लागतो. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेतात, तरी जोर कमी होतोच.

आणि जिथे इंजिनाला दम लागतो तिथे माणसाला लागणारच. इंदूर साडेपाचशे मीटरवरचं गाव. आपलं शरीर तेवढ्याच उंचीला सरावलेलं. मनालीहून सुरुवात केली तर २,००० मीटरवरून एकाच दिवसात ४,५०० मीटरच्या कुंझुमवर पोहोचतो. अंतर कमी पडतं म्हणून पुष्कळ लोक तसं करतात. आम्ही लांबची वाट घेतली. शिमला २,२०० मीटर, कल्पा २,९००च्या पुढे, ताबो ३,२००च्या पुढे, काझा ३,६००च्या वर. मुक्कामाची उंची हळूहळू वाढवत नेली. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावा, हा गिर्यारोहकांचा आणि डॉक्टरांचा नियम आम्ही पाळला. गोळ्या घ्यायच्या की नाही हे प्रत्येकानं आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवलं. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर आली तर आणखी वर जायचं नाही, आणि थांबूनही त्रास वाढला तर खाली उतरायचं.

इथपर्यंतची तयारी पैसे आणि वेळ असेल तर कुणालाही करता येते. आता जी सांगतो तिला पैसे लागत नाहीत, आणि आमच्या मते तीच मोठी.

निघण्याच्या आठ दिवस आधी, याच सभागृहात मखराचं काम चालू असताना, आम्ही बसून काही गोष्टी कागदावर लिहिल्या. सगळ्यात पुढे कोण आणि सगळ्यात मागे कोण. मागच्याजवळ हत्यारं आणि औषधं. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. आपल्या विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाच्या मागे शेवटी एक अनुभवी काका चालतात ना, तेच काम. वेग ठरवणार सगळ्यात सावकाश चालवणारा. अंधारात गाडी चालवायची नाही. आणि शेवटची गोष्ट अशी की कुणाला परतावं लागलं तर त्याच्यासोबत दोघं परततील. ते दोघं कोण, याच्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी टाकल्या. पहिल्या प्रसंगाला हे दोघं, दुसऱ्याला ते दोघं.

त्या वेळी काहींना हे अपशकुनासारखं वाटलं. निघायच्या आधीच परत येण्याची भाषा कशाला? पण काझाला दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचं डोकं दुखायचं थांबेना, जेवण पोटात राहीना. तिथल्या डॉक्टरांनी तपासून खाली उतरायला सांगितलं. कुंझुम एका दिवसावर होती. तीन महिने ज्या टप्प्यासाठी चिखलात लोळलो तो समोर होता. अशा वेळी वाद होतात. आजारी माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. बरोबरच्याला वाटतं, मीच का? आमच्याकडे वाद झाला नाही. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या त्या दोघांनी सकाळी गाड्यांना सामान बांधलं, मित्राला मध्ये घेतलं आणि आल्या वाटेनं ते किन्नौरकडे उतरले. खाली आल्यावर त्याला आराम पडला. उरलेले पाच कुंझुमवरून गेलो. फोटोंत तुम्हाला खिंडीत पाचच जण दिसतील. इतर तिघे कुठे, असं कुणी विचारलं तर आम्ही अभिमानानं सांगतो.

घरच्यांशीही असाच करार होता. स्पितीत फोन लागेलच असं नाही. उपग्रह फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे तो मार्गही नव्हता. म्हणून घरी मुक्कामांची यादी आणि त्या-त्या ठिकाणचे क्रमांक दिले. ठरवलं की फोन मुक्कामी पोहोचल्यावरच येईल, वाटेत येणार नाही. एक रात्र फोन आला नाही तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाही आला तर यादीतल्या पुढच्या ठिकाणी विचारायचं. आमच्या आया सांगतात की त्या कागदामुळे त्यांना झोप लागली. देवापाशी दिवा होताच, शेजारी हा कागदही होता.

पूर्वी आपल्याकडची माणसं लांबच्या प्रवासाला सोबत पाहून निघत. कुणाची सोबत मिळते का, हे विचारल्याशिवाय गाठोडं बांधत नसत. दक्षिणेतून माळव्यात आलेली आपली घराणी अशीच सोबतीनं आली. वाहन बदललं आहे. सोबत पारखून घ्यायची रीत बदलायचं कारण नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी अशा सफरीला निघालं तर हे विचारा. सामानासकट गाडी एकट्यानं उचलून दाखव. चाक काढून ट्यूब बदलून दाखव. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार ते लिहून दे. सगळ्यात मागे कोण असणार त्याचं नाव सांग. आणि तू आजारी पडलास तर तुझ्यासोबत कोण परतणार, त्या दोघांना एकदा घरी चहाला बोलाव. या पाचांची उत्तरं मिळाली तर खुशाल पाठवा, डब्यात लाडू द्या. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी जा म्हणा. डोंगर तिथेच आहेत.

पुढच्या सफरीचा सराव दिवाळीनंतरच्या रविवारपासून सुरू होतोय. ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर भेटावं. आई-वडिलांना घेऊन आलात तर अधिक बरं.

 आता दिवे घालवा, फोटो पाहू या. गणपती बाप्पा मोरया!