सासू होती, म्हणजे बायकोही होती



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, चहा आला. आमच्या गटात हिंदू बायका आहेत, तशा ख्रिस्ती बायकाही आहेत. त्या आठवड्यात गावचे फादर तापाने आजारी होते. एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या घरात एकटेच. रात्री पाणी द्यायला कोण?" तर एक नवी सून पटकन बोलून गेली, "मग फादरांना लग्न का करू देत नाहीत?"

सगळ्या गप्प. काहींना तर असं विचारणंच पाप वाटलं. मी कॅथलिक घरातली, बी.ए.ला इतिहास घेतलेला. म्हणून उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं. जे कळलं ते आज सांगते.

पहिली गोष्ट शुभवर्तमानातलीच. पेत्राच्या सासूला ताप आला होता आणि येशूने तिला बरं केलं, हे आपण चर्चमध्ये किती वेळा ऐकलंय! सासू होती, म्हणजे बायकोही होती. ज्याला कॅथलिक लोक पहिला पोप मानतात, तो संसारी माणूस होता. पुढेही कित्येक शतकं बायकामुलं असलेले धर्मगुरू होते.

नियम हळूहळू कडक होत गेला. चौथ्या शतकात स्पेनमधल्या धर्मसभेने धर्मगुरूंनी पत्नीपासून दूर राहावं असं ठरवलं. सगळं मन देवाच्या कामात राहावं, हा विचार त्यामागे होता. नंतर जमिनीचा प्रश्नही आला. चर्चची शेती, घरं धर्मगुरूंच्या मुलांकडे जातील ही भीती होती. शेवटी 1139 मध्ये रोममधल्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंची लग्नं रद्दच ठरवली.

आता त्या बायकांचा विचार करा. काल लग्नाची बायको, आज कोणीच नाही! त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1089 मध्ये, इटलीत मेल्फी इथे तर असा ठराव झाला की, बिशपने बजावूनही दीक्षा घेतलेला माणूस बायकोपासून वेगळा झाला नाही, तर तिला गुलाम करायची मुभा तिथल्या सत्ताधाऱ्यांना राहील. नियम पुरुषांसाठी, शिक्षा बाईला.

आणि हे जुनंच आहे असं नाही. आयर्लंडमधले व्हिन्सेंट डॉयल हे एका धर्मगुरूचे पुत्र. वडिलांचं नाव लपवलं गेलेल्या अशा मुलांसाठी त्यांनी संस्था काढली. 2019 मध्ये व्हॅटिकननेही मान्य केलं की, धर्मगुरूला मूल झालं तर काय करायचं याची त्यांच्याकडे आतली नियमावली आहे. म्हणजे अशी मुलं आहेत, आणि त्यांच्या आयाही आहेत. लोक बोट दाखवतात ते त्या आईकडेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मनापासून ब्रह्मचर्य पाळणारे फादर आपण पाहिलेत. मध्यरात्री बोलावलं तरी येतात, गाव हेच त्यांचं घर. सिस्टरही स्वतःहून व्रत घेतात. त्या त्यागाला माझा नमस्कारच आहे. माझा प्रश्न व्रताबद्दल नाही, सक्तीबद्दल आहे. ज्याला धर्मगुरू व्हायचंय, त्याच्यापुढे दुसरी वाटच का नसावी?

वाट नाही असंही नाही. युक्रेनमधल्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालेला पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, आणि ते चर्च पोपनाच मानतं. दुसऱ्या पंथातून आलेल्या काही विवाहित पाद्र्यांनाही रोमने परवानगी दिली आहे. 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या गावांबद्दल रोममध्ये सभा झाली. तिथे काही गावांत महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही, कारण धर्मगुरूच नाहीत. संसारी पण योग्य माणसांना दीक्षा द्यावी, या ठरावाच्या बाजूने 128 मतं पडली, विरोधात 41. पोप फ्रान्सिस यांनी तरीही तेव्हा नियम बदलला नाही. पण 2023 मध्ये त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं की हा नियम कायमचा नाही. त्या 2019 च्या सभेत बायका हजर होत्या, पण त्यांना मत नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटात दोन गोष्टी असतात. एकमेकींवरचा विश्वास हा पाया. तो बदलत नाही. बैठकीची तारीख, उशिराचा दंड हे नियम. ते आपण ठरावाने करतो आणि जाचक झाले तर ठरावानेच बदलतो. ब्रह्मचर्य हा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचं तत्त्व नाही, असं खुद्द चर्चच सांगतं.

म्हणून त्या सुनेला मी सांगितलं, "बाई गं, तुझा प्रश्न पाप नाही. तो तर पोपच्या सभेतही विचारला गेलाय." मावशी हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस. पण आज रात्री फादरांकडे पेज कोण नेणार, ते आधी ठरवा."

तेही आम्ही ठरवलं.