धावपट्टीशेजारचे गाव



विमानतळ ही मुंबई-पुण्याची गोष्ट, असे आपण अजून धरून चालतो. पण महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी लहान विमाने उडवायला शिकवले गेले आहे. शिरपूरजवळची धावपट्टी तर खाजगीच. अशा धावपट्टीच्या कडेला कपाशी असते, केळी असते, गोठे असतात आणि एखादी शाळाही असते. तिथला माणूस मला एकच प्रश्न विचारतो, “सर, हे विमान आमच्या छपरावर तर नाही ना यायचं?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर निम्मे आभाळात आहे आणि निम्मे जमिनीवर. आभाळातले वैमानिकाने सांभाळायचे. जमिनीवरचे मात्र धावपट्टीच्या मालकाने आणि आपण मिळून सांभाळायला हवे.

आधी हे यंत्र समजून घेऊ. शिकाऊ विमानांत सेसना 172 हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. भरल्या वजनी ते सुमारे 1100 किलोचे, म्हणजे आपल्या मोठ्या ट्रॅक्टरच्या निम्म्याने. त्याचे इंजिन बंद पडले तर ते धोंड्यासारखे खाली पडत नाही. घार पंख न हलवता जशी तरंगत उतरते, तसे तेही उतरते. एक मीटर खाली येताना ते साधारण नऊ मीटर पुढे जाते. 300 मीटर उंचीवर इंजिन थांबले, तर शांत हवेत अडीच किलोमीटरपर्यंतचे शेत निवडायला वैमानिकाला सवड मिळते.

मग धोका कुठे? तो नुकत्याच उडालेल्या विमानाला. चाके सुटली आहेत, उंची जेमतेम शंभर मीटर आहे, आणि इंजिनाने दगा दिला. कधी इंधनात पाणी उतरलेले असते, कधी पावसाळी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. अशा वेळी मागे वळून धावपट्टी गाठावी, असा मोह होतो. पण वळणात उंची झपाट्याने जाते. म्हणून शिकवण अशी की समोर जी मोकळी जागा दिसेल तिथेच उतरावे. वैशाखातले आपले ऊन यात भर घालते. हवा तापली की विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचल कमी मिळते. विमान अधिक लांब धावते आणि सावकाश चढते.

याचा अर्थ लक्षात घ्या, मंडळी. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची शेते म्हणजे अडल्या वेळी उतरण्याची जागा. तिथे उभे पीक असले तर पिकाचे नुकसान होईल, पण माणसे वाचतील. तिथे विजेच्या तारा, बिनकठड्याची विहीर किंवा मोबाइलचा मनोरा असला, तर वाचणारा माणूसही वाचायचा नाही. आणि तिथे शाळा, अंगणवाडी किंवा आठवडा-बाजार असला, तर काय होईल ते सांगायला नको. जमीन स्वस्त मिळाली किंवा कुणी दान दिली, एवढ्यावरून धावपट्टीच्या सरळ रेषेत माणसे दाटीने जमतील असे काही बांधू नका. ग्रामसभेत विषय निघाला, तर शिक्षकांनी उठून हे स्पष्ट सांगावे. विमानतळालगत किती उंच बांधता येते, याचेही सरकारी नियम आहेत. ते आधी विचारून घ्यावेत.

दुसरी गोष्ट पाखरांची. मेलेले ढोर माळावर टाकले की घारी आणि गिधाडे जमतात. ताशी सव्वाशे किलोमीटर वेगाच्या विमानाला किलोभर वजनाची घार थडकली, तर समोरची काच फुटू शकते. म्हणूनच विमानतळाच्या 10 किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावर कापू नये, पाखरे जमतील अशी घाण टाकू नये, असे 1937 च्या विमान नियमांत घातले आहे. मेलेले जनावर खोल पुरावे. पतंग धावपट्टीपासून लांब उडवावेत. फवारणीचा ड्रोन आता शेतात आला आहे. तो उडवण्यापूर्वी 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपले शेत कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते पाहावे आणि धावपट्टीवर कळवावे. आणि गुरे? मोकळी धावपट्टी हे गायरान नव्हे.

हे झाले आपले कर्तव्य. पण शेजारधर्म एकतर्फी नसतो. धावपट्टीच्या मालकाकडून गावाने काही गोष्टी हक्काने मागाव्यात. कुंपण धड असावे. अडल्या वेळी उचलला जाईल असा फोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा. सराव कोणत्या वेळी चालतो ते शाळेला माहीत असावे. वर्षातून एकदा गावातल्या तरुणांना बोलावून आगीची आणि सुटकेची तालीम घ्यावी.

उतरताना आणि उडताना सोडून विमानाने दाट वस्तीवर 300 मीटरच्या, आणि इतरत्र 150 मीटरच्या खाली येऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. शाळेवरून वारंवार फार खाली विमान जात असेल तर नुसते शिव्याशाप देऊन भागत नाही. गुरुजींनी वही घालावी : तारीख, वेळ, दिशा, अंदाजे उंची आणि विमानावरची अक्षरे. भारतीय विमानाची अक्षरे ‘व्हीटी’ने सुरू होतात. अशी महिन्याची नोंद आधी धावपट्टीच्या व्यवस्थापकाकडे, आणि दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे पाठवावी. नोंदीला उत्तर द्यावे लागते. आरडाओरड्याला कुणी उत्तर देत नाही. मात्र एक सांगून ठेवतो. आवाज एकदम मंद होऊन विमान खाली येते आणि पुन्हा गर्जत वर जाते, तो बहुधा इंजिन बंद पडल्याचा सराव असतो. दर वेळी घाबरून धावू नका.

पण खरोखरच अपघात झाला तर? 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या विमानशाळेचे एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या रानात कोसळले. प्रशिक्षक दगावले, शिकणारी मुलगी जखमी झाली. तिथवर गाडी जाण्याजोगा रस्ता नव्हता. एका आदिवासी भगिनीने आपली साडी दिली, तिची झोळी बांधून गावकऱ्यांनी त्या मुलीला डोंगरातून खाली आणले. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी शिकवलेही नव्हते.

त्या माणुसकीला थोड्या माहितीची जोड द्यायला हवी. पहिले, 112 वर किंवा 108 वर फोन करून जागा नेमकी सांगा. दुसरे, विडी-काडी विझवा. टाकीत दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल असू शकते. तिसरे, पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावू नका. चौथे, आगीची भीती नसेल तर जखमीला ओढू नका. मान आणि पाठ न वळवता त्याला धीर द्या. आग दिसली तर मात्र क्षणाचाही विलंब नको. आणि शेवटचे, पत्र्याचा तुकडाही उचलून घरी नेऊ नका. त्या तुकड्यावरूनच तपासणारे लोक अपघाताचे कारण शोधतात, आणि ते कारण सापडले तर पुढचे एखादे विमान वाचते.

शिक्षकमित्रहो, या पाच गोष्टी शाळेच्या फळ्यावर एकदा लिहून काढा. मुले त्या घरी जाऊन सांगतील. आणि येत्या ग्रामसभेपूर्वी गावाच्या नकाशावर धावपट्टीची रेघ दोन्ही बाजूंनी पुढे ओढून पाहा. त्या रेघेवर आज काय उभे आहे आणि उद्या काय उभे राहणार आहे, ते सगळ्या गावाला दिसू द्या.