परदेशस्थांचे घरचे कागद
(माढा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावर पाचारण केले ते आमच्या विद्वत्तेस्तव नव्हे. माढ्याचे शेत आणि विलायतेतील नोकरी या दोहोंच्या कात्रीत सापडून ज्याने पुष्कळ कागद रंगविले, आणि त्यांतील निम्मे चुकीचे रंगविले, अशा माणसाने आपले अनुभव सांगावेत, एवढीच मंडळींची अपेक्षा आहे. आम्ही वकील नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पूर्वी कुर्डुवाडीस गाडी बदलून मुंबई गाठली की तेच आपल्याकडे परदेशगमन वाटे. आज समोर बसलेल्या घरांपैकी कित्येकांची मुले लंडन, टोरांटो, मस्कत येथे आहेत. माणूस जातो, सात-बाऱ्यावरचे नाव मात्र येथेच राहते. बारा-पंधरा वर्षे त्याची कोणास आठवणही होत नाही, आणि मग एके दिवशी घरातील वडील माणूस जाते.

आमचे वडील वारले तेव्हा आम्ही इंग्लंडात होतो. आई आधीच निवर्तली होती. सीनेच्या अंगास आमची थोडी जमीन आहे. तिच्यावर वारसांची नावे लावावयाची होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्याप्रमाणे वारसाहक्काने जमीन आली तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र तलाठीच आहे. तो फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, हितसंबंधितांस नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ऐकावयास हे किती सरळ वाटते! आमच्या घरी त्यास दोन वर्षे लागली, आणि त्यांतील पुरता दीड वर्षाचा विलंब कचेरीचा नव्हता, आमचाच होता.

पहिले विघ्न वडिलांच्या नावाचे. शाळेच्या दाखल्यावर ते ‘नारायण’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘नारायणराव’, आणि सात-बाऱ्यावर ‘नाना’. गावात त्यांस नारायण म्हणणारा माणूस नव्हता, तेव्हा आजोबांच्या पश्चात नोंद करणाऱ्याने हाक मारावयाचे नावच लिहिले, यात त्याचा तरी काय दोष? परंतु कागदाला हाक ऐकू येत नाही. नाना आणि नारायणराव ही एकच व्यक्ती, हे सिद्ध करण्यासाठी शाळेतील नोंदवहीचा उतारा, तहसिलीच्या अभिलेख कक्षातील जुन्या फेरफाराची नक्कल, शिधापत्रिका आणि गावातील दोन वृद्धांचे जबाब गोळा करावे लागले. त्या दोघा वृद्धांपैकी एक पुढच्याच उन्हाळ्यात गेले. वर्षभर अधिक थांबलो असतो तर कोणास विचारणार होतो?

आमचेही नाव धड नव्हते. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तीन पदे. तिकडील कागदांवर दोनच रकाने. आमच्या पारपत्रावर वडिलांचे नाव आमच्याच नावास जोडले गेले आहे, बँकेत त्याचे एक अक्षर उरले आहे, आणि माढ्याच्या शाळेत ते पूर्ण आहे. बायकांचे हाल तर विचारूच नका. माहेरचे नाव पदवीवर, सासरचे पारपत्रावर. मुला-मुलीचे पहिले पारपत्र काढताना आईबापांनी शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधारपत्र एकत्र ठेवून अक्षरन् अक्षर पडताळावे. त्या एका दुपारीने पुढची कित्येक वर्षे वाचतात.

आता कुलमुखत्यारपत्राविषयी. आम्ही धाकट्या बंधूंस ते देण्याचे ठरविले. कोणाकडून तरी मिळालेला नमुना उतरवून काढला, नोटरीसमोर सही केली आणि टपालात टाकले. त्यात दोन चुका झाल्या. नोटरीच्या सहीवर तेथील परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल घ्यावयाचे राहिले. अपोस्टिल म्हणजे एका देशातील सही-शिक्का खरा असल्याचे दुसऱ्या देशास पटवून देणारे प्रमाणपत्र. हेग येथील 1961 च्या करारान्वये ते दिले जाते, आणि भारतात तो करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. करारात दोन्ही देश असले तरच त्याचा उपयोग. कॅनडा त्यात जानेवारी 2024 मध्ये आला, तोवर तेथील मुलांस भारतीय वकिलातीचेच दार ठोठवावे लागे. दुसरी चूक बंधूंची. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावयाचे असते. बंधूंनी ते पत्र देवघरातील फडताळात, गंगेच्या गडव्याशेजारी, अत्यंत जपून ठेवले आणि मुदत निघून गेली! सारे पुन्हा करावे लागले. दुसऱ्या खेपेस आम्ही ‘सर्व अधिकार’ न लिहिता कोणता गट, कोणते काम, एवढेच लिहिले. मुखत्यारपत्र देणारा वारला की सामान्यतः ते संपते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. चुलता गेल्यावर त्याच्याच पत्रावर व्यवहार करीत राहिलेले पुतणे आम्ही पाहिले आहेत. आणि केवळ मुखत्यारपत्रावर जमीन विकत घेतली असे कोणी समजत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली तो भ्रम दूर केलेला आहे.

यानंतर जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांस संकोच होतो. तरी ते सांगितल्याखेरीज येथे उभे राहण्यास अर्थ नाही.

वारसांचे प्रतिज्ञापत्र माढ्याहून तयार होऊन आमच्याकडे सहीसाठी आले. रात्रीची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी नोटरीची भेट ठरलेली, तिची फी आगाऊ दिलेली. आम्ही सही करण्याच्या बेतात होतो. ‘यांव्यतिरिक्त मयतास अन्य वारस नाहीत’ या वाक्याच्या वर नावे दोनच होती, आमचे आणि बंधूंचे. बार्शीस दिलेल्या आमच्या थोरल्या बहिणीचे नाव त्यात नव्हते. आम्ही तत्काळ बंधूंस दूरध्वनी केला. ते शांतपणे म्हणाले, “दादा, आपल्याकडे असंच करतात. ताई काय नाही म्हणणार आहे?”

बंधूंस दोष देऊन आम्ही सुटू शकत नाही. ताईस कोणी विचारलेच नव्हते, आणि आम्हीही आठवडाभर तो मसुदा न वाचता ठेवला होता. दूर राहणारा माणूस फार सह्या करतो आणि फार थोडे वाचतो. कायदा तर स्पष्ट आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी बापाची वारस आहेच. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची सहदायाद आहे, आणि तो हक्क जन्मतःच असतो असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली निःसंदिग्धपणे सांगितले. खोटे प्रतिज्ञापत्र हा भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. बहिणीस हक्क सोडावयाचा असेल तर तिने तो समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. तिच्या नावावर काट मारून तो सोडविता येत नाही. ज्यांच्या मुली परदेशी आहेत त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण ‘ती कुठे येते सही करायला’ ही सबब आता घराघरांतून ऐकू येते.

नागरिकत्वाविषयी थोडक्यात सांगतो. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की 1955 च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. जुने पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर मिळणारे ‘ओसीआय’ पत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर मतदान नाही. परदेशस्थ भारतीय अथवा ओसीआय धारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवू शकतो. विकावयाची तर भारतात राहणाऱ्या नागरिकासच, आणि आपल्या राज्यात सामान्यतः तो शेतकरीही असावा लागतो. तेव्हा मोहरीएवढ्या डॉलरांत माढ्याचे रान घेऊ पाहणाऱ्या चिरंजीवांची वडिलांनी वेळीच समजूत घालावी.

मुलांकडे राहावयास गेलेल्या निवृत्त मंडळींचा प्रश्न निराळाच. आपण जिवंत आहोत हे त्यांस दर नोव्हेंबरात सिद्ध करावे लागते! वकिलातीतून हयातीचा दाखला मिळतो, हे निघण्यापूर्वीच निवृत्तिवेतनाच्या बँकेत विचारून ठेवावे.

असो. प्रतिज्ञापत्र नव्याने झाले, तीन नावांचे. नोटीस बार्शीस पोहोचली तेव्हा ताई तीच घेऊन माढ्यास आली आणि ओसरीवर बसून बंधूंस म्हणाली, “कुठे सही करू, सांग.” पिशवीतून लेखणीही काढली होती. सही नको आहे, नाव लागते आहे, हे तिला दोनदा सांगावे लागले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने नानांच्या खोलीची किल्ली मागितली.

फेरफार मंजूर झाल्यावर अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा आम्ही इंग्लंडात बसून 15 रुपयांत काढला. नावे तीन आहेत. ताईच्या सासरच्या आडनावात मात्र एक काना कमी पडला आहे. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज सोमवारी तहसिलीत द्यावयाचा असल्याने आमचा मुक्काम माढ्यात दोन दिवस लांबला आहे. ज्यांस आपले कागद दाखवावयाचे असतील त्यांनी तोवर घरी यावे.