मनाचे दुखणे आणि मायबोली

शरीराचे दुखणे दाखविण्यास बोट पुरते. मनाचे दुखणे दाखविण्यास शब्द लागतो. हाड मोडले, तर वैद्यास रोग्याची भाषा येत नसली तरी क्ष-किरणांचे चित्र सर्व काही सांगते. मनाच्या उपचारात मात्र बोलणे हीच तपासणी आणि बोलणे हेच औषध. मग ते बोलणे कोणत्या भाषेत व्हावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबांना तर तो परका वाटूच नये. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून गुजराती व मराठी शेजारी शेजारी नांदतात. बोरिवलीत मराठीचा जुना संसार आहे. अंधेरीपलीकडील जोगेश्वरीत आणि कुर्ल्यात घरोघरी उर्दू बोलली जाते. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. या घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा विवाहानंतर लंडन, टोराँटो, दुबई गाठतात. तेथे एकटेपणा येतो, संसारात खटके उडतात, मागे राहिलेल्या आईवडिलांची चिंता रात्री झोपू देत नाही. शेवटी धीर करून एखादी तरुणी मानसोपचारतज्ज्ञासमोर बसते. तिचे इंग्रजी अस्खलित असते. तासभर ती व्यवस्थित बोलते, आणि बाहेर पडताना तिला वाटते की, आपण दुसऱ्याच कोणाची तरी हकीकत सांगून आलो.

असे का व्हावे? उदाहरणार्थ, ती जोगेश्वरीच्या उर्दूभाषी घरातील आहे असे समजू. वडीलभावाने तिला आयुष्यभर प्रेमाने ‘तुम’ म्हटले. एका संध्याकाळी, तिने स्वतःच्या पसंतीने विवाह ठरविल्याचे कळताच, तो एकाएकी थंडपणे ‘आप’ म्हणू लागला. शब्द आदराचा, पण त्याच क्षणी नाते तुटले. ही घटना इंग्रजीत सांगावयाची कशी? तेथे ‘तुम’ही ‘यू’ आणि ‘आप’ही ‘यू’! घाव जेथे बसला ती जागाच भाषांतरात नाहीशी होते. मराठी घरातही हेच घडते. सुनेला ‘अगं’ म्हणणारी सासू ‘अहो सूनबाई’ म्हणू लागली म्हणजे काय समजावे, हे मुलुंडच्या कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. परदेशी तज्ज्ञास मात्र ते तासभर समजावून द्यावे लागेल.

दुःखाच्या नावांचेही तसेच आहे. ‘जीव टांगणीला लागला’, ‘पोटात गोळा आला’, ‘काळजात धस्स झाले’ या तीन अवस्था मराठी माणूस एकमेकींत मिसळू देत नाही. उर्दू बोलणारा ‘घबराहट’, ‘उलझन’, ‘मायूसी’ यांत नेमका भेद करतो. ‘दिल डूब रहा है’ या उद्गाराचे शब्दशः भाषांतर ऐकून परका डॉक्टर हृदयाची तपासणी सुरू करील, हे अशक्य नाही. आणि या सर्वांवर ‘डिप्रेशन’ ही एकच चिठ्ठी लावली, तर रोगास नाव मिळेल, पण रोगी अनोळखीच राहील.

हा केवळ भाषाभिमानाचा मुद्दा नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, तुर्की ही मातृभाषा असून पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेवरील सूक्ष्म विद्युत्-बदल मोजण्यात आले. लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळतात तशी रागावण्याची वाक्ये तुर्कीत कानी पडताच शरीर जसे दचकले, तसे ते इंग्रजीत दचकले नाही. ग्रायनर आणि स्मिथ या संशोधकांनी २००६ साली ७६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ज्यांची भाषा इंग्रजी नव्हती, त्यांना स्वभाषेत दिलेले मानसोपचार इंग्रजीतील उपचारांच्या दुप्पट परिणामकारक ठरल्याचे त्यांना आढळले.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परकी भाषा कधी कधी आडोशाचे काम करते. व्हिएन्नामध्ये १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणीची जर्मन ही मातृभाषाच आजारात हरपली. ती इंग्रजीत बोलू लागली, आणि ‘बोलून बरे होणे’ या पद्धतीस तिने दिलेले पहिले नावही इंग्रजीच होते. राल्फ ग्रीनसन यांनी १९५० साली अशाच एका स्त्रीची हकीकत लिहिली. तिची बालपणीची भाषा जर्मन. उपचारात ती बोलण्यास ती नाखूष असे, कारण त्या भाषेबरोबर बालपणाची भीती आणि लाज परत येई. उर्दू घरातील ‘लिहाज’ वा मराठी घरातील ‘मर्यादा’ जे शब्द ओठांवर येऊ देत नाही, ते इंग्रजीत सहज उच्चारता येतात. शिवाय स्वभाषिक तज्ज्ञ म्हणजे बहुधा स्वसमाजातील माणूस. आपले गुपित फिरत फिरत अंधेरीच्या घरी पोहोचेल, ही धास्ती परदेशस्थ मनाला सतावते.

म्हणून हट्ट एकाच भाषेचा नसावा. निवड रोग्याची असावी. पहिल्याच भेटीत तज्ज्ञाने विचारावे, ‘घरी कोणती भाषा बोलता? रागावता कोणत्या भाषेत? स्वप्नात कोणत्या?’ अर्धे उर्दू आणि अर्धे इंग्रजी बोलण्याची मोकळीक असावी. दुभाषी हवाच असेल, तर तो प्रशिक्षित असावा. नवऱ्याला किंवा शाळकरी मुलाला मध्ये बसवून आईचे दुःख वदवून घेणे हा त्या मुलावरही अन्याय आहे.

परदेशी असलेल्यांना मायदेशातील डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवरून वा चित्रसंवादाने घेण्याचा मोह होतो. त्यात एक अडचण आहे. मार्च २०२० मध्ये भारतात लागू झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांनी देशाबाहेरील रोग्यांचे उपचार आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. तेव्हा औषधोपचारासाठी त्या त्या देशातील परवानाधारक तज्ज्ञच गाठावा आणि तेथे दुभाषी मागण्यास संकोचू नये. ते उपकार मागणे नव्हे. देशात राहणाऱ्यांसाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, उपचाराचा निर्णय घेऊ शकण्यासाठी लागणारी माहिती रोग्यास समजेल अशा साध्या भाषेत देण्याचे बंधन घातले आहे. कायद्याने भाषेला उपचाराच्या दाराशी आणून बसविले. तिला आत बोलाविणे समाजाच्या हाती आहे.

सआदत हसन मंटो हे उर्दूतील थोर कथाकार याच उपनगरांत, गोरेगावच्या फिल्मिस्तानात आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, काम करीत होते. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले. पुढे मद्यपानाच्या व्यसनापायी त्यांना तेथील मनोरुग्णालयात उपचार घ्यावे लागले. ‘टोबा टेक सिंग’ या त्यांच्या कथेतील वेडा पंजाबी, उर्दू आणि इंग्रजी शब्दांची अशी खिचडी बोलतो की, तिचा अर्थ कोणासच लागत नाही. सर्वांना ती वेडाची बडबड वाटते. पण त्या माणसाचा खरा प्रश्न एकच आणि अगदी साधा असतो: आपले गाव कोठे आहे? परमुलखात मन आजारी पडलेल्या पुष्कळांचा प्रश्न याहून फारसा वेगळा नसतो. तो ज्या भाषेत विचारला जातो, ती समजणारा एक तरी माणूस समोर असावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.