शब्दांची रुजुवात



आजच्या विषयावर बोलायला खरे म्हणजे एखादा प्राध्यापक हवा होता. मी कामगार संघटनेचा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही शिकलो ते अर्ज, करारनामे आणि नोटिसा वाचता वाचता. परंतु शब्द नीट वाचला नाही तर पोटावर पाय येतो, हे नोटिसा वाचणाऱ्याला लवकर कळते. म्हणून एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे: भाषेचा, त्यातही राजकारणातल्या आणि मोबाईलवरच्या भाषेचा अभ्यास करण्यात एखादा माणूस सारी उमर घालवतो, तो समाजाच्या काय उपयोगी पडतो?

नोटिशीत लिहिलेले असते, "कामगार कमी करण्यात आले आहेत." कोणी कमी केले? वाक्यात कर्ताच नाही. पाऊस पडावा तसे हे आपोआप घडले असे वाटते. आता "मालकाने कामगार कमी केले" असे लिहून पाहा. लगेच जाब विचारायला माणूस सापडतो! 'करण्यात येत आहे', 'विचाराधीन आहे' ही सरकारी मराठीही त्याच घडणीची. कर्ता कोठे दडला आहे ते शोधणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे पहिले काम.

आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड घ्या. दसरा-दिवाळी आली की लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. त्यांची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यांवर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. पहाटे उठून भाकरी थापणारी आणि दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या एका शब्दाच्या पोटात गडप होते. शब्द बदलला की मजुरी वाढेल, असे मी म्हणत नाही. पण जे माणूस वेगळे मोजलेच जात नाही, त्याच्या नावाने काही मागताही येत नाही, हे पक्के.

या विद्येला आयुष्य वाहिलेले एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. डॉ. अशोक केळकर हे त्यांचे नाव. जन्म १९२९, पुण्याचा. १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भाषाविज्ञानाची डॉक्टरेट मिळवली. पुढे काही वर्षे आग्र्याला आणि नंतर दीर्घकाळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. मराठीची घडण तपासली, हिंदी-उर्दूवर ग्रंथ लिहिला. पण ते व्याकरणाच्या कुंपणात राहिले नाहीत. 'मराठी भाषेचा आर्थिक संसार' असे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे. मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१४ साली ते निवर्तले. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव 'रुजुवात'. हा शब्द दफ्तरातला आहे. दोन कागद समोरासमोर ठेवून ताळा पाहणे म्हणजे रुजुवात. भाषेच्या अभ्यासाचे सारे मर्म मला या एका शब्दात दिसते. बोलले काय गेले आणि घडले काय, याचा ताळा पाहायचा.

हा ताळा न पाहिल्याने काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत तेथवर गेली होती. मुले पळवणारी टोळी हिंडत आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. मित्रहो, 'टोळी' हा शब्द ऐका. आपल्याकडे टोळी म्हणजे मुकादमाबरोबर ऊस तोडायला गेलेली कष्टाची माणसे. तोच शब्द मोबाईलवर गेला आणि परक्या गावात आलेला प्रत्येक गरीब चोर ठरला. उद्या आपल्या टोळीला कोणी तसे समजणार नाही, याची हमी कोण देईल? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो. विश्वास का बसला, हे मात्र कळत नाही. ते शोधणे अभ्यासकाचे काम.

आणि ते सोपे नाही. वर्तमानपत्र ग्रंथालयात राहते, मैदानावरचे भाषण हजारोंना ऐकू येते. व्हॉट्सॲपचा निरोप म्हणजे बंद पाकीट. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तो कोणी पाहत नाही. कोणी विश्वासाने उघडून दाखवला, तरच अभ्यासकाला दिसतो. निवडणुकीत कोणत्या जातीला, कोणत्या धर्माला उद्देशून काय फिरले, हे परगावच्या पाहुण्याला कोण दाखवील? येथे आपल्याच मुलामुलींची गरज आहे. ज्यांना 'उचल' म्हणजे काय, 'खाडा' म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही, त्यांची गरज आहे.

पण घरात मुलगी म्हणाली, "मी भाषाविज्ञान शिकते," तर आपण विचारतो, "त्याने पोट भरते का?" प्रश्न खोटा नाही, नोकऱ्या थोड्या आहेत. म्हणून ती मागणीही आपणच केली पाहिजे. कॉलेजात भाषेची जागा रिकामी राहिली तर आपण डॉक्टरांच्या जागेइतकीच ओरड करावी.

विद्वानांकडेही माझे एक मागणे आहे. आमच्या बोलण्याचा अभ्यास करून निबंध इंग्रजीत छापायचा आणि तो आपसांतच वाचायचा, हे बरे नव्हे. ज्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु'त वेदान्त मराठीत आणला, त्यांची समाधी या गावात आहे. आमच्याविषयीचे ज्ञान आमच्या भाषेत परत द्या, असे म्हणण्याचा अधिकार अंबाजोगाईला नाही तर कोणाला? आणि ही कसोटी पुढाऱ्यांच्या भाषणांना लावाल तशीच आम्हा संघटनावाल्यांच्या भाषणांनाही लावा. आम्हीही विरोधकाला 'दलाल' म्हणून मोकळे होतो. त्याचाही पुरावा मागा.

विद्वान तयार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. निरोप आला की तीन प्रश्न विचारा: हे कोण म्हणतो? कोणाविषयी म्हणतो? आणि कोणाचे नाव यातून गाळले आहे? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरा. तेवढी रुजुवात ज्याला त्याला करता येते.