बंधुसंघ : कुणासाठी, कुणाला वगळून



‘कॅथलिक पुरुषांचे बंधुसंघ’ हा विषय पनवेलच्या व्याख्यानमालेत कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा रायगड-रत्नागिरीतून गिरणगावात गेले तेव्हा कुठं उतरले, ते आठवा. गावच्या खोलीत. ट्रंक तिथंच, वळकटी तिथंच. काम लागेपर्यंत गाववाले सांभाळून घ्यायचे. त्याच मुंबईत, धोबीतलाव-माझगावच्या बाजूला, गोव्याच्या ख्रिस्ती पुरुषांनी अशाच खोल्या थाटल्या होत्या. त्यांना ते कूड म्हणत. भरभराटीच्या काळात या कुडी तीनशेच्या वर होत्या. धोबीतलावच्या जेर महालात आजही काही आहेत.

एका गावाची एक कूड, हा सर्वसाधारण नियम. भिंतीलगत पेट्यांची रांग, रात्री पेटीशेजारी अंथरूण. एका बाजूला वेदी आणि तिच्यावर गावचा संत. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. दांडी मारली तर दंड. दारू चालायची नाही, बायकांना मुक्काम नाही. राहणारे कोण? बहुतेक तारवटी, म्हणजे जहाजावरचे आचारी, वाढपी, खलाशी. शिवाय शहरातले बटलर, शिंपी, बँडवाले. गोव्यात पोर्तुगीज राज्य, हाताला काम थोडं. ब्रिटिश जहाज कंपन्यांची भरती मुंबईत. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत महिने जायचे आणि त्या महिन्यांत शहरात घरभाडं परवडणारं नव्हतं. कुडीची वर्गणी परवडायची. शिवाय कुठल्या जहाजावर जागा निघालीय ही खबर तिथंच मिळायची, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

कुडीत उपकार कुणी कुणावर करत नव्हतं. आज तुझ्या हाती पगार आहे, उद्या माझ्या हाती असेल, एवढाच हिशोब. दानधर्मात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. इथं दोघांच्या पेट्या एकाच रांगेत.

सातासमुद्रापार हाच हिशोब एका तरुण धर्मगुरूनं मांडला. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी 1882 मध्ये ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना काढली. नाव सरदारी थाटाचं. काम मात्र घरातला कर्ता पुरुष गेला तर विधवेच्या हाती काही रक्कम पडावी, हे. कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित कॅथलिकांत असं घर मोडायला वेळ लागत नसे. स्वतः मॅकगिव्हनींना वडिलांच्या निधनामुळं सेमिनरी सोडून घरी परतावं लागलं होतं. ते गेले 1890 मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. संघटना मात्र वाढली. आज तिचे सभासद वीस लाखांच्या आसपास आहेत आणि विम्याचा कारभारही मोठा आहे.

आता अडचणीचं बोलतो. आपल्या माणसांसाठी काढलेल्या संघाला आपलं कोण, हे ठरवावंच लागतं. काही गावांच्या कुडी जातवार वेगळ्या होत्या. ख्रिस्ती होऊन पिढ्या उलटल्या तरी बामण, चारडो, शूद्र हे भेद बोटीतून मुंबईला आले आणि वेगवेगळ्या पेट्यांच्या रांगांत राहिले. आया म्हणून मुंबईला आलेल्या गोव्याच्या बायकांना तर या बंधुभावात दारच नव्हतं. याबद्दल कुडीला एकटीला दोष देऊ नका; आपल्या ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या सभासद याद्या काढून पाहा.

या कुंपणाबाहेर पाहणारी एक वाट पॅरिसमध्ये निघाली. 1832 च्या कॉलऱ्यानं ते शहर होरपळलेलं. सॉर्बोनमधल्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याला वादसभेत विरोधकांनी डिवचलं : तुमच्या चर्चनं पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करता? 23 एप्रिल 1833 रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, मूठभर मित्रांना घेऊन त्यानं काम सुरू केलं. त्याचीच पुढं ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ झाली. सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी त्या पोरांना गरिबांच्या वस्तीत नेलं. पद्धत साधी : पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही, स्वतः त्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. एकोणिसाव्या शतकातच ही सोसायटी भारतात आली. मुंबई परिसरातल्या अनेक चर्चमध्ये तिचे गट आहेत. मदत घेणाऱ्याचा धर्म ती पाहत नाही. तरीही स्त्रियांना बरोबरीचं सभासदत्व द्यायला तिला 1960 चं दशक उजाडावं लागलं.

मला विचाराल तर माणूस म्हणून मला कुडीत राहायला आवडलं असतं. ओझानामच्या पोरांची भेट मात्र, माझ्यावर वेळ आली असती, तर थोडी अवघड वाटली असती. अनोळखी, शिकलेली, चांगल्या घरची मुलं माझ्या दारात पाव घेऊन उभी! पण ज्याला गावच उरलेलं नाही, त्यानं कुठल्या कुडीत जायचं? पनवेलच्या स्टेशनवर उतरणाऱ्या मजुरांत अशी माणसं रोज असतात, आणि त्यांच्या गावाची खोली इथं कुणी काढलेली नाही.